दुरुस्तीचे झाकण आणि डीबगर



ऑफ-सीझनमध्ये फिटर मिलची झाकणे काढून आत हात घालतो. मिल बंद असते म्हणून चालते. गाळप सुरू झाल्यावर कोणी झाकण उघडे ठेवत नाही. संगणकाच्या प्रोग्रामलाही असे एक झाकण असते.

प्रोग्राममधील चूक शोधण्यासाठी तो लिहिणारा ‘डीबगर’ नावाचे साधन लावतो. प्रोग्राम कोणत्या ओळीत अडला, त्या वेळी आत कोणते आकडे होते, हे ते दाखवते. काही डीबगरमध्ये तर तिथेच हुकूम टाइप करता येतो आणि मुख्य संगणक तो मुकाट पाळतो. हाच पडदा इंटरनेटवर उघडा राहिला, तर परक्याला कुलूप फोडायची गरजच नाही.

अमेरिकेत पॅट्रिऑन ही कंपनी आहे. लोक तिच्यामार्फत कलावंतांना दरमहा पैसे देतात. सप्टेंबर २०१५ मध्ये तिच्या वेबसाइटची चाचणीची प्रत डीबगरसह बाहेरून दिसत होती. स्वीडनच्या डिटेक्टिफाय कंपनीने पाच दिवस आधी सावध केले होते, तरी २८ तारखेला चोर शिरले. सुमारे १५ गिगाबाइट माहिती बाहेर पसरली, त्यात २३ लाखांवर ईमेल पत्ते. चाचणीच्या प्रतीत ग्राहकांची खरी माहिती भरलेली होती. आमच्या मते मोठी चूक तीच.

आपली ऊसनोंद, काट्याचे वजन, बिल, बँकखाते हे सारे आता संगणकावरच असते. म्हणून नवा प्रोग्राम बसवताना चाचणी खोट्या नावांवरच व्हावी आणि हंगामापूर्वी डीबगर बंद केल्याचे लेखी घ्यावे. “होते हो साहेब” यावर भागवू नये. सर्वसाधारण सभेत सभासदांनी हे जरूर विचारावे, आम्हाला राग येणार नाही.

आता आपला मोबाईल बघा. अँड्रॉइड फोनमध्ये ‘बिल्ड नंबर’वर सात वेळा बोट टेकवले की ‘डेव्हलपर ऑप्शन्स’ उघडतात. त्यात ‘यूएसबी डीबगिंग’ असते. तुमसरकडच्या एका बैठकीत आम्ही पाच-सहा फोन चाळले, तर दोनांत ते चालू! कोणी केले, मालकालाच ठाऊक नाही. रिपेअरवाल्याने, नाहीतर घरच्या पोराने. ते चालू असताना फोन परक्या संगणकाला जोडला आणि ‘परवानगी द्या’ दाबले, म्हंजे समोरचा हवे ते अ‍ॅप आत टाकू शकतो. बँकांची काही अ‍ॅप अशा फोनवर चालतच नाहीत, तेव्हा बँकेला शिव्या घालण्याआधी हे बटण बंद करा. पैसे गेलेच तर लगेच १९३० वर फोन करा.

बटण सापडत नसेल तर फोन घेऊन गट ऑफिसात या. रोवणीच्या दिवसांत आमचा माणूस सायंकाळी सातपर्यंत बसतो.