जुनी खेळाडू-कार्डे टाकण्यापूर्वी

प्रश्न : मुलाने १९९० च्या सुमारास जमवलेली बेसबॉल व बास्केटबॉलची कार्डे खोकेभर पडून आहेत. जुनी म्हणजे मौल्यवान असतील का, की टाकून द्यावीत?
– एक वाचक, न्यू जर्सी

उत्तर : कार्डाचे मूल्य केवळ वयावर नव्हे, तर दुर्मीळता, खेळाडूचे स्थान आणि कार्डाची अवस्था यांवर ठरते, आणि आपल्या मुलाच्या काळात अमेरिकेत कार्डांची छपाई इतकी अमाप झाली, की त्यांतील बहुतेकांना आज नगण्य किंमत मिळते. तरीही आपण खोके न तपासता टाकू नये, कारण फ्लीअर कंपनीच्या १९८६ च्या संचातील मायकेल जॉर्डनच्या कार्डासारखे मौल्यवान ‘रूकी कार्ड’, म्हणजे खेळाडूच्या कारकिर्दीच्या प्रारंभीचे कार्ड, त्यात असू शकते. कार्डावरील वर्ष, कंपनी व क्रमांक पाहून, विक्रेत्यांनी मागितलेल्या नव्हे, तर प्रत्यक्ष विक्रीत मिळालेल्या किमतींशी तुलना करावी. टॉप्स कंपनीच्या १९५२ च्या संचातील बेसबॉलपटू मिकी मँटलच्या कार्डाच्या एका प्रतीला २०२२ मध्ये १ कोटी २६ लाख डॉलर मिळाले, ते तिच्या असाधारण अवस्थेमुळे. म्हणून कार्डे पुसू नयेत, रबराने बांधूही नयेत. ‘ग्रेडिंग’, म्हणजे अस्सलपणा व अवस्था यांचे सशुल्क प्रमाणन, अपेक्षित किंमत शुल्काहून बरीच अधिक असेल तरच करून घ्यावे. उरलेली कार्डे एखाद्या हौशी मुलाला द्यावीत.