जुन्या मोटारीचा थर्मोस्टॅट : काढावा की बदलावा ?

वैशाखातील खानदेशचे ऊन कसे असते हे आमच्या वाचकांस सांगावयास नको. जळगाव, भुसावळ व धुळे या बाजूस पारा 45 अंशांच्या घरात जातो, आणि त्याच दिवसांत कन्नडच्या घाटात किंवा लळिंगच्या चढावर जुन्या मोटारी वाफ सोडीत उभ्या राहिलेल्या दिसतात. अशा वेळी एक सल्ला हटकून मिळतो : "थर्मोस्टॅट काढून टाका, आपल्या मुलखात तो लागत नाही." आम्हीही एकदा हा सल्ला मानला व त्याचे फळ भोगले. म्हणून या विषयाची थोडी फोड येथे करीत आहो.

थर्मोस्टॅटचे कार्य

पांझरेकाठच्या फड बागायतीत पाटकऱ्याचे काम काय असते ते सर्वांस ठाऊक आहे. पाणी केव्हा सोडावयाचे व केव्हा अडवावयाचे हे तो पाहतो. इंजिनातील पाण्याचा पाटकरी म्हणजे थर्मोस्टॅट. ही एक लहानशी झडप असून तिच्या पोटात एका पितळी डबीत मेण भरलेले असते. इंजिन थंड असता झडप मिटलेली राहते व पाणी इंजिनातल्या इंजिनात फिरते. ठराविक उष्णता आली की मेण वितळून फुगते, झडप उघडते, आणि तापलेले पाणी निवण्यासाठी रेडिएटरकडे जाते. झडप किती अंशांवर उघडावयाची तो आकडा बहुधा तिच्यावरच ठोकलेला असतो. 82 व 88 हे आकडे नेहमी आढळतात.

आता विचार करा. बाहेर 45 अंश उष्णता असली तरी 82 अंशांच्या आत हवेने पाणी निवविण्यास पुष्कळ वाव राहतो, आणि पूर्ण उघडलेली झडप पाण्यास फारसा अडथळा करीत नाही. तेव्हा गाडी तापते ती धडक्या थर्मोस्टॅटमुळे नव्हे. मिटून अडकलेला थर्मोस्टॅट, क्षाराने भरलेला रेडिएटर, सैल पट्टा, बंद पडलेला पंखा किंवा झिजलेला पाण्याचा पंप यांपैकी काहीतरी त्याच्या मुळाशी असते.

काढून टाकल्याने काय होते ?

आमच्या व्हॅनचा थर्मोस्टॅट एका कारागिराने काढून टाकला. उन्हाळा कसाबसा निभावला. पुढे पौषात सकाळचा पारा दहा अंशांखाली उतरू लागला, तेव्हा गाडी कोसभर चालूनही उष्णतेचा काटा जागचा हलेना. पेट्रोल अधिक लागू लागले, आणि तेल भरण्याच्या झाकणाखाली दुधाळ साका धरला. कारण उघड आहे. थंड इंजिनात पेट्रोल नीट न जळता सिलिंडरच्या भिंतींवरील तेल धुऊन काढते, तेलात पाण्याचा अंश साचतो, व इंजिनाची झीज वाढते. शिवाय काही इंजिनांत हीच झडप उघडताना जवळची आडवाट बंद करते. तेथे ती काढली तर थोडे तापलेले पाणी रेडिएटरला वळसा घालून परत इंजिनातच येते, व ज्या दोषावर उपाय केला तोच दोष वाढतो.

परीक्षा

थंड इंजिन सुरू करून वरच्या रबरी नळीवर हात ठेवावा. मात्र पंखा व पट्टा यांपासून हात दूर असावा. नळी सुरुवातीस थंड राहून मग एकाएकी ऊन झाली, तर झडप ठीक समजावी. ती पहिल्यापासून हळूहळू कोमट होत गेली, तर झडप उघडी अडकली आहे. काटा वर चढत आहे आणि नळी थंडच आहे, तर झडप मिटून अडकली असण्याचा फार संभव आहे. त्या स्थितीत गाडी पुढे नेऊ नये. इंजिनाचे हेड वाकले किंवा हेड गॅस्केट उडाले तर काही शे रुपयांच्या वस्तूपायी हजारोंचा खर्च उभा राहतो.

अडचणीच्या जागेतील काम

उदाहरणासाठी आपल्या खेड्यापाड्यांतून अजून दिसणारी मारुतीची व्हॅन, म्हणजेच ओम्नी, घेऊ. ही गाडी 1984 पासून 2019 पर्यंत तयार होत होती. तिचे 796 घनसेंटिमीटरचे तीन सिलिंडरांचे इंजिन पुढील आसनांखाली दडलेले असते, आणि रेडिएटर मात्र पुढे नाकाशी. त्यामुळे पाण्याच्या नळ्या लांबलचक असून हात घालावयास जागा थोडी.

1. इंजिन पूर्ण निवू द्यावे. रात्रभर थांबणे उत्तम. तापलेल्या रेडिएटरचे झाकण कधीही उघडू नये.

2. बॅटरीची ऋण तार सोडवावी. आसन उचलून झाकणपत्रा काढावा, आणि हवेची गाळणी व तिची नळी आड येत असेल ती दूर करावी. रेडिएटरकडून येणारी जाड नळी हाताने चाचपीत जावे; ती इंजिनाशी जेथे एका लहान टोपणास मिळते, तेथे बहुधा थर्मोस्टॅट असतो.

3. पाणी भांड्यात काढून घ्यावे. त्यात कूलंट असल्यास ते जमिनीवर सांडू देऊ नये. नेहमीचे कूलंट चवीला गोड पण विषारी असते. गुरे किंवा कुत्री ते चाटतील तर दगावतील.

4. टोपणाच्या बोल्टांना आदल्या रात्री गंज सोडविणारे तेल द्यावे. अॅल्युमिनिअममध्ये लोखंडी बोल्ट धरून बसतो. त्यास थोडे सैल, थोडे घट्ट असे हलवीत काढावे. आम्ही घाई केली, बोल्ट आतच तुटला, आणि तासाभराचे काम दोन दिवसांवर गेले.

5. उघड्या तोंडात फडके कोंबून जुने गॅस्केट हलक्या हाताने खरवडावे. पृष्ठभागावर चरा पडल्यास पाणी झिरपते. नंतर फडके काढण्यास विसरू नये.

6. नवा थर्मोस्टॅट त्याच अंशांचा घ्यावा. बसविण्यापूर्वी तो दोरीने भांड्यातील पाण्यात लोंबकळत सोडून पाणी तापवावे. त्याने भांड्याच्या तळास टेकू नये. 82 ची झडप पाणी खळखळून उकळण्यापूर्वीच उघडली पाहिजे, व पाणी निवताच मिटली पाहिजे.

7. स्प्रिंग व मेणाची डबी इंजिनाच्या बाजूस यावी. हवा सुटण्याचे लहान छिद्र असल्यास ते वरच्या अंगास ठेवावे. नवे गॅस्केट घालून बोल्ट आळीपाळीने सारखे आवळावेत.

8. गाडीचे नाक चढावर येईल अशी ती उभी करून, चाकांस दगड लावून, पाणी सावकाश भरावे. नळ्या दाबून हवा काढावी. झाकण उघडेच ठेवून इंजिन सुरू करावे, व पाणी खाली जाईल तसतसे भरावे. पाणी फार तापण्यापूर्वी झाकण लावावे. लांब नळ्यांत हवा कोंडली तर नवा थर्मोस्टॅटही निरुपयोगी ठरतो. दुसऱ्या दिवशी सकाळी, इंजिन थंड असता, पाणी पुन्हा पाहावे.

पाण्याविषयी

रोग पुन्हा होऊ नये म्हणून मूळ कारण पाहिले पाहिजे. आपल्या बहुतेक विहिरी व कूपनलिका यांचे पाणी क्षारयुक्त आहे. चहाच्या भांड्यात जे पांढरे किटण धरते तेच इंजिनात व झडपेवर धरते. विहिरीचे पाणी रेडिएटरमध्ये ओतणे म्हणजे चारीत गाळ लोटणे होय. ऊर्ध्वपातित पाणी व कूलंट हे गाडीच्या पुस्तिकेत सांगितलेल्या प्रमाणात भरावे, आणि सांगितलेल्या मुदतीने बदलावे. अडीअडचणीस विहिरीचे पाणी घातलेच, तर घरी पोचल्यावर ते काढून टाकावे. आणि तापून लाल झालेल्या इंजिनात थंड पाणी कधीही ओतू नये.

रात्री आजाऱ्यास जळगावी किंवा धुळ्यास न्यावयाचे झाले म्हणजे दारातली जुनी गाडी हाच खेड्यातील शेतकऱ्याचा आधार असतो. ती घाटात उभी राहिली तर नुकसान केवळ पैशाचे होत नाही. पाटकरी चुकला तर शहाणा बागायतदार पाटकरी बदलतो, पाट मोकाट सोडीत नाही; थर्मोस्टॅटच्या बाबतीतही आमच्या बंधूंनी हेच धोरण ठेवावे.