हेरॉनला जाण्यापूर्वी

चि. मुक्तास,


जानेवारीत तुम्ही मैत्रिणी ब्रिस्बेनहून हेरॉन बेटावर निघालात, हे तुझ्या आईकडून कळलं. महिना उत्तम निवडलास. कासविणी अंडी घालायला वर येत असतात आणि आधीच्या घरट्यांतून पिल्लंही निघू लागतात. तुझी यादी मात्र वाचून हसू आलं. एका दिवसात कासव, शार्क, मांटा आणि वर देवमासा! देवमासे तिकडच्या हिवाळ्यात येतात आणि जानेवारीत तिथे उन्हाळा, तेव्हा तो आत्ताच काट. बाकीच्यांच्या मागेही धावू नकोस. ग्लॅडस्टनपासून 80 किलोमीटरवरचं, प्रवाळाच्या चुऱ्याचं हे बेट जेमतेम 16 हेक्टरचं. चालायला घेतलंस की लगेच प्रदक्षिणा पुरी होते. तिथे थांबणाऱ्याला जास्त दिसतं.

दिवस पाण्याच्या हिशेबाने आख. आजोबा तिथीची पाऊणपट करून भरतीची वेळ सांगायचे. ते गणित आपल्या किनाऱ्याचं, तिकडे लागू नाही. तिथला तक्ता बघ. ओहोटीला पाणी घोट्याएवढं झालं की प्रवाळाच्या पठारावर उतर. जाड तळाचे जुने बूट आणि काठी हवीच. पाय वाळूवरच पडू दे, जिवंत प्रवाळ पायाखाली सहज मोडतो. शंकूच्या आकाराचा नक्षीदार शंख दिसला तर हात मागे घे. त्यातल्या काही जातींचा डंख माणसाचा जीव घेतो.

मग एक डबकं निवड आणि तिथेच उभी राहा. आधी फक्त काळ्या समुद्रकाकड्या दिसतील. डोळा सरावला की दगडाखालून बाहेर आलेली तपकिरी शेपटी दिसेल. हा एपॉलेट शार्क. अंगभर ठिपके, खांद्यावर पांढऱ्या कडेचा एक मोठा काळा डाग. पाणी कमी पडलं की तो परांवर अंग रेटत अक्षरशः चालतो. रात्रीच्या ओहोटीत अशा डबक्यांतला प्राणवायू संपत येतो, तेव्हा हा मेंदूचं कामकाज मंदावून तासन्‌तास तग धरतो. यादीतल्या ‘शार्क’समोर याचीच खूण करावीस, असं मला वाटतं, मोठ्या दातांचा कुणी दिसला नाही म्हणून हिरमुसू नकोस.

एकाच जागी थांबण्यावरून आठवलं, याच बेटाच्या प्रवाळावर जोसेफ कॉनेल या परिसरशास्त्रज्ञांनी 1960च्या दशकापासून मीटरभराच्या त्याच त्या चौकोनांचे फोटो वर्षानुवर्षं काढले. मध्यम मोडतोड होत राहते तिथे जाती सर्वाधिक नांदतात, ही त्यांची 1978ची मांडणी तू अभ्यासक्रमात वाचली असशील. तिच्यावर पुढे पुष्कळ वाद झाले, ते होऊ देत. चिकाटी बघ माणसाची!

दुपारी पिसोनियाच्या झाडाच्या सावलीत बस. डोक्यावर टोपी ठेव, कारण वर हजारो काळे नॉडी पक्षी असतात. त्याच झाडाची पानं विष्ठेने चिकटवून ते घरटी करतात आणि त्याच झाडाच्या चिकट बिया पंखांना लागून काही जण उडायचे थांबतात, मरतात. तुझा जीव कळवळेल. तरी हात लावू नकोस.

रात्री भरतीच्या सुमारास कासवीण वर येईल. टॉर्च बंद, बोलणं बंद, आणि अंडी घालायला लागेपर्यंत लांब, तिच्या पाठीमागे. तिच्या डोळ्यांतून पाणी गळेल. ते रडणं नव्हे, अंगातलं जास्तीचं मीठ ती बाहेर टाकते. 1920च्या दशकात याच बेटावर कासवांच्या सूपचा कारखाना होता, हे तिला बघताना आठवलं तर आठव.

पिल्लं दिसली तर आपल्या कोकणातल्या वेळासची सवय विसर. तिथे गावकरी घरटी राखतात, पिल्लं मोजून सोडतात. हेरॉनवर सीगल टपलेले असतील, एखादं पिल्लू तुझ्या पायाशी उलटं पडेल, तरी उचलून पाण्यात टाकायचं नाही.

बोट लागण्याची गोळी निघण्याआधी अर्धा तास घे; ग्लॅडस्टनहून दोन तासांचा प्रवास आहे आणि तुझं पोट तुझ्या आईवर गेलंय.

तुझी,
मावशी