मालमोटारीचे हेड गॅस्केट वारंवार का जळते?

आंब्याच्या हंगामात रत्नागिरीहून कोल्हापूरकडे निघालेली भरलेली मालमोटार आंबा घाटाच्या चढावर पाणी उकळून थांबली, तर नुकसान केवळ इंजिनाचे होत नाही. बाजाराची वेळ टळते आणि पेट्यांतील मालाचा भावही जातो. जुनी मालमोटार बाळगणाऱ्या शेतकऱ्यांस व सहकारी संस्थांस हा प्रसंग अपरिचित नाही. मिस्त्री नवे गॅस्केट बसवितो, गाडी रस्त्यावर येते आणि दोनतीन महिन्यांत तेच दुखणे पुन्हा उद्भवते. अशा वेळी गॅस्केटच्या दर्जास दोष देण्याचा प्रघात आहे. परंतु एकाच इंजिनात वारंवार जळणारे गॅस्केट हे बहुधा रोगाचे लक्षण असते, रोग नव्हे. मूळ कारण शोधल्याखेरीज कितीही गॅस्केटे बदलली तरी खर्चच वाढतो.

गॅस्केटचे कार्य

इंजिनाचा ब्लॉक व त्यावरील सिलिंडर हेड यांच्या सांध्यात गॅस्केट बसविलेले असते. सिलिंडरातील तप्त वायू, थंडाव्याचे पाणी आणि वंगणाचे तेल या तिघांस एकमेकांपासून अलग राखणे हे त्याचे कार्य होय. हे कार्य नीट होण्यास दोन्ही पृष्ठभाग सपाट हवेत, बोल्टांचा दाब सर्वत्र सारखा हवा आणि इंजिनाचे तापमान मर्यादेत हवे. यांपैकी एकाही बाबीत उणीव राहिली, की सांधा त्या जागी सैल पडतो.

हेड उघडण्यापूर्वीची तपासणी

बाहेर कोठेही गळती नसता रेडिएटरातील पाणी कमी होणे, इंजिन तापल्यावरही सायलेन्सरमधून पांढरी वाफ येत राहणे, तेलाच्या पट्टीवर दुधाळ तेल दिसणे ही नेहमीची लक्षणे होत. इंजिन पूर्ण थंड असता रेडिएटरचे झाकण काढून ते सुरू करावे. पाण्यात सतत बुडबुडे येत असतील, तर सिलिंडरातील वायू पाण्यात शिरत आहे असे समजावे. झाकण लावून थंड इंजिन सुरू केल्यावर पाणी तापण्यापूर्वीच वरची रबरी नळी कडक झाली, तर तीही तीच खूण आहे. लगतच्या दोन सिलिंडरांचे कॉम्प्रेशन कमी भरल्यास त्या दोहोंमधील गॅस्केट जळाले असण्याचा संभव मोठा असतो.

तथापि, घाईने निष्कर्ष काढू नये. हेडला तडा गेल्यासही बुडबुडे येतात. आणि तेल थंड करणारा कूलर फुटल्यासही तेल व पाणी एकमेकांत मिसळते. यास्तव हेड काढल्यावर त्याची दाबाखाली तपासणी करून घ्यावी.

जुने गॅस्केट फेकू नये

काढलेले गॅस्केट हा सर्वांत विश्वासू साक्षीदार होय. ते कोणत्या जागी जळाले हे पाहून त्यावर सिलिंडरांचे क्रमांक लिहावेत. दर वेळी एकच जागा जळत असेल, तर दोष त्या जागेच्या वर किंवा खाली शोधावा. जुन्या गॅस्केटात ॲस्बेस्टॉस असण्याचा संभव असतो. म्हणून ते कोरडे खरवडू नये व त्याची धूळ हवेच्या झोताने उडवू नये. पृष्ठभाग ओला करून साफ करावा.

उदाहरणार्थ, समजा एका सहा सिलिंडरांच्या इंजिनात तिसऱ्या व चौथ्या सिलिंडरांच्या मधली पट्टी दोनदा जळाली. पहिल्याच वेळी हेड यंत्रावर सपाट करून घेतले होते. ब्लॉक मात्र कोणी मोजला नाही. दुसऱ्या वेळी ब्लॉकवर सरळ पोलादी पट्टी ठेवून खाली फीलर गेज सरकविले असता नेमक्या त्याच जागी 0.15 मि.मी. खोलगा आढळला. गॅस्केट जळाल्यावरही गाडी काही दिवस तशीच चालविल्याने तप्त वायूने तेथील धातू कोरला होता. ब्लॉक सपाट करून घेतल्यावाचून तेथे कोणतेही गॅस्केट टिकले नसते. शिवाय प्रथम इंजिन तापले ते रेडिएटरच्या नळ्या क्षारांनी अर्ध्या बुजल्यामुळे. तो स्वच्छ केला नसता, तर तिसऱ्यांदा हाच प्रसंग ओढवला असता.

पुन्हा जोडताना घ्यावयाची दक्षता

1. हेड व ब्लॉक दोन्ही लांबीत, रुंदीत व दोन्ही कर्णांवर मोजावेत. किती तफावत चालेल हे उत्पादकाच्या पुस्तिकेत पाहावे.

2. हेड घासताना पुस्तिकेत दिलेल्या किमान जाडीखाली जाऊ नये.

3. ज्या इंजिनांत लायनर ब्लॉकहून किंचित वर असावे लागतात, तेथे प्रत्येकाची उंची मोजावी. एखादा खाली बसला असल्यास त्याच्यावरील गॅस्केटास पुरेसा दाब मिळत नाही.

4. बोल्टांची भोके साफ व कोरडी करावीत. भोकात तेल किंवा पाणी साचले असल्यास पाना पुरा दाब दाखवितो, पण हेड आवळले जात नाही. प्रसंगी ब्लॉकही तडकतो. ताणून बारीक झालेले बोल्ट बदलावेत.

5. अंदाजाने न आवळता टॉर्क पाना वापरावा. मध्यापासून बाहेरच्या बाजूस, तीन-चार टप्प्यांत, पुस्तिकेतील क्रमाने आवळावे. सांगितले असल्यास ठरावीक अंतर चालविल्यावर पुन्हा आवळावे.

थंडाव्याची व्यवस्था

विहिरीचे वा कूपनलिकेचे जड पाणी भरल्याने आत क्षारांचा थर साचतो व तो उष्णता अडवितो. यास्तव शुद्ध पाण्यात योग्य प्रमाणात कूलंट मिसळून भरावे. हे द्रव्य चवीस गोड पण विषारी असते. जनावरे व मुले यांच्यापासून ते दूर ठेवावे. झाकणाची स्प्रिंग चांगली असावी. दाब अर्धा बार वाढल्यास पाणी 100 ऐवजी सुमारे 111 अंश सेल्सिअसला उकळते. सैल झाकणाने हा लाभ जातो. पंख्याचा पट्टा, पाण्याचा पंप व थर्मोस्टॅट तपासावेत. गाडी तापते म्हणून थर्मोस्टॅट काढून टाकणे चुकीचे होय. काही इंजिनांत त्यामुळे पाण्याचा एक भाग रेडिएटरात न जाताच परत फिरतो. डिझेल वेळेपूर्वी फवारले जात असल्यासही सिलिंडरातील दाब वाढतो. म्हणून पंपाची वेळ तपासून घ्यावी.

चालकास सूचना

तापमानाचा काटा चढू लागताच खालचा गिअर घ्यावा व सुरक्षित जागी थांबून चाकांस अडण लावावी. पाणी निघून गेले असल्यास इंजिन तत्काळ बंद करावे. गरम रेडिएटरचे झाकण उघडू नये आणि तापलेल्या इंजिनात थंड पाणी ओतू नये. त्याने हेड वाकते किंवा तडकते. ठरविलेल्या वजनाहून अधिक माल भरू नये. एका खेपेत मिळविलेले जादा भाडे एका हेडच्या दुरुस्तीस पुरत नाही.

गॅस्केट दुसऱ्यांदा जळाल्यास मालकाने मिस्त्रीस एवढाच प्रश्न विचारावा: "ते का जळाले?" त्याचे मोजमापासह उत्तर मिळेपर्यंत हेड बंद करू देऊ नये.