इटालियन क्रियापदांतील अक्षरविभागणी आणि आघात

मराठीत शब्दाच्या कोणत्या अक्षरावर जोर दिला, यावरून क्रियापदाचा काळ किंवा पुरुष बदलत नाही. इटालियनमध्ये तो बदलतो. ‘पार्लो’ या रूपात पहिल्या अक्षरावर आघात दिल्यास ‘मी बोलतो’ असा अर्थ होतो. शेवटच्या अक्षरावर दिल्यास ‘तो बोलला’.

आघात समजण्यासाठी आधी शब्दाची फोड करावी लागते. दोन स्वरांमधील एकटे व्यंजन पुढच्या अक्षरात जाते: आ-मो (मी प्रेम करतो). द्वित्त व्यंजन दुभंगते: मेत्-तो (मी ठेवतो). र्, ल्, म्, न् यांच्यापुढे दुसरे व्यंजन आल्यासही फोड तेथेच होते: पार्-लो. ‘स्’ मात्र पुढील व्यंजनाची साथ सोडत नाही: आ-स्पेत्-तो (मी वाट पाहतो). आपली जीभ येथे ‘आस्-पेत्-तो’ म्हणू पाहते. फोड चुकली की अर्थही चुकू शकतो. पार्-ले-रे-मो म्हणजे ‘आम्ही बोलू’. पार्-ले-रेम्-मो म्हणजे ‘शक्य असते तर आम्ही बोललो असतो’.

आघात बहुधा उपान्त्य अक्षरावर असतो: पार्-ल्या-मो (आम्ही बोलतो), पार्-ला-ते (तुम्ही बोलता). परंतु पार्-ला-नो (ते बोलतात) या रूपात तो पहिल्या अक्षरावरच राहतो. ते-ले-फो-ना-नो (ते दूरध्वनी करतात) यात तर शेवटून चौथ्या, म्हणजे ‘ले’ या अक्षरावर.

लेखनात आघाताची खूण तो अंत्य अक्षरावर असेल तेव्हाच सक्तीची असते. एरवी ती सहसा लिहिली जात नाही. ज्याच्या घरी ही भाषा बोलली जाते, त्याला आघात आपोआप येतो. इतरांना तो शिकवावाच लागतो. १८६१ मध्ये इटलीचे एकीकरण झाले, तेव्हा भाषाभ्यासक तुल्लिओ दे मावरो यांच्या अंदाजानुसार जेमतेम अडीच टक्के लोक इटालियन बोलू शकत होते. इतरांच्या घरी प्रादेशिक बोली होत्या. पुढे फ्लॉरेन्सजवळील डोंगरातल्या बार्बियाना येथे लोरेन्झो मिलानी या धर्मगुरूंनी शेतकऱ्यांच्या मुलांसाठी शाळा चालवली. भाषेवर प्रभुत्व आल्याखेरीज समता येत नाही, ही त्यांची धारणा होती. १९६७ मध्ये त्या शाळेच्या ‘एका शिक्षिकेला पत्र’ या पुस्तकाने गरीब मुलांना नापास करणाऱ्या शिक्षणव्यवस्थेलाच जाब विचारला.

शाळेत संस्कृत नाकारले गेल्याने बाबासाहेबांना फारसी घ्यावी लागली, हे आपण जाणतोच. म्हणून भाषेचे न लिहिलेले नियमही वर्गात उघड करून सांगणे, हे शिक्षकाचे कर्तव्य ठरते.