ओढणारे स्नायू

भिलाईजवळच्या गनियारी गावच्या तीजनबाई उभ्याने पंडवानी गाऊ लागल्या, की त्यांच्या हातातला तंबुरा पाहता पाहता भीमाची गदा होई. या आविर्भावामागे जे स्नायू राबतात, त्यांना एकच क्रिया येते : आखडून ओढणे. ढकलणे त्यांना मुळीच साधत नाही. म्हणूनच ते जोडीने योजलेले असतात. दंडाच्या पुढील बाजूचा द्विशिरस्क स्नायू अग्रबाहूला वर ओढतो, तेव्हा हात कोपरात वाकतो. मागचा त्रिशिरस्क स्नायू कोपराचे टोक ओढतो, तेव्हा तो सरळ होतो. एक आखडत असता दुसऱ्याला सैल पडावे लागते. मांडीतही व्यवस्था हीच.

ही रचना प्रथमदर्शनी उधळी वाटेल. द्विशिरस्काची कंडरा कोपरापासून सुमारे ५ सेंटिमीटरांवर जोडलेली, तळहात मात्र सुमारे ३५ सेंटिमीटरांवर. त्यामुळे काटकोनात वाकवलेल्या हातावर १ किलोचे ओझे असले, तर तेवढ्यासाठीच स्नायूला ७ किलोंचा जोर लावावा लागतो. परंतु स्नायू १ सेंटिमीटर आखडताच तळहात सुमारे ७ सेंटिमीटर सरकतो. जोर अधिक खर्चून येथे वेग मिळवलेला आहे, आणि गदेच्या फटकाऱ्याला तोच हवा असतो. तंबुरा उंच धरून नुसते स्थिर उभे राहिले, तरीही स्नायूतंतू ऊर्जा खर्चीतच राहतात. दंड भरून येतो तो त्यामुळेच.