काटे गोल, घर चौकोनी

माझ्याकडे एकोणीस मनगटी घड्याळं आहेत आणि त्यांत एकही गोल नाही. अकरा चालतात, पाच मूड असेल तर चालतात, तीन नुसती बघायची. बत्तीस वर्षं मी ड्राफ्ट्समन म्हणून नोकरी केली. हातात कंपासपेक्षा टी-स्क्वेअर जास्त वेळ असायचा, त्याचा हा परिणाम असावा असं घरचे म्हणतात. असेलही. या छंदात पैसे घालवून आणि ओळखीच्यांची थट्टा सोसून जे शिकले, ते सुचेल तसं लिहिते आहे.

१. पहिलं घड्याळ आपण निवडलेलं नसतं.

१९८८ साली माझ्या लग्नात बाबांनी जावयासाठी टायटनचं पातळ, सोनेरी, आयताकृती घड्याळ घेतलं. टायटन बाजारात येऊन जेमतेम वर्ष झालं होतं. सगळे एचएमटी देतात, आपण टायटन दिलं, याचं बाबांना फार कौतुक. नवऱ्याने ते पूजेच्या दिवसापर्यंत मान राखून बांधलं आणि मग "जरा बायकी वाटतं गं" म्हणून कपाटात ठेवून दिलं. आठवडाभरात ते माझ्या हातावर आलं. बाबांच्या लक्षात आलं होतं, पण ते शेवटपर्यंत काही बोलले नाहीत.

२. दुकानात "चौकोनी"च म्हणायचं.

आयत आणि चौरस यांतला फरक समजावत बसलं की विकणारा आपल्याला मास्तरीणबाई समजतो आणि भाव वाढवतो. फरक अर्थातच आहे. कार्तिएचं १९०४ सालचं सांतोस, वैमानिक आल्बेर्तो सांतोस-द्युमाँसाठी केलेलं, ते चौरस. त्याच घराचं टँक हे आयत. मला चौरस घड्याळ कधीच आवडलं नाही. ते भिंतीवरच्या स्विचबोर्डासारखं दिसतं. हे माझं मत, कोणावर सक्ती नाही.

३. एकचा आकडा कुठे बसवलाय ते बघा.

काटे गोल फिरतात. त्यांना लांबट चौकटीत कोंडलं की सगळी पंचाईत आकड्यांची होते. एकदा ट्रेसिंग पेपरवर वीस बाय तीस मिलिमीटरची डायल काढून मध्यातून तीस-तीस अंशांच्या रेघा मारल्या. बारापासून एकपर्यंतचं अंतर आलं साधारण पावणेनऊ मिलिमीटर, म्हणजे एक जवळजवळ कोपऱ्यातच जाऊन पडला. एकपासून दोनपर्यंत जायला कोपरा वळून साडेदहा मिलिमीटर जावं लागतं. आणि दोन ते तीन? सहासुद्धा नाही. म्हणजे तासांत अंतर सारखं, पण कडेवर कुठे ऐसपैस आणि कुठे लोकलच्या चौथ्या सीटसारखं.

आता चांगला कारागीर काय करतो ते बघण्यासारखं आहे. रोमन आकडे असतील तर तो एक, दोन, दहा, अकरा हे आकडे ओढून तिरके करतो, त्यांचे पाय मध्याकडे वळवतो. त्यामुळे कोपरे रिकामे वाटत नाहीत आणि कडेला गर्दीही वाटत नाही. सुमार डायलवर मात्र सगळे आकडे एकाच मापाचे, रांगेत उभे केल्यासारखे. मिनिट काट्याची अडचण वेगळीच. त्याला आडव्या बाजूला अडकायचं नाही, म्हणून तो दहा मिलिमीटरपेक्षा लांब करता येत नाही. मग उभ्या बाजूला बारापर्यंत तो पोचतच नाही, पाच मिलिमीटर आधी संपतो. पहिल्यांदा हे लक्षात आलं तेव्हा मला त्या काट्याची कीवच आली होती. रोलेक्सने १९२८ च्या प्रिन्समध्ये यावर तोड काढली: वर तास-मिनिटांची डायल, खाली सेकंदांची स्वतंत्र आणि चांगली मोठी. नाडी मोजायला सोयीची, म्हणून ते डॉक्टरांचं घड्याळ म्हणून ओळखलं जाऊ लागलं.

४. रुंदी विचारू नका, लांबी विचारा.

गोल घड्याळ घेणारे व्यास विचारतात. इथे पट्टा अडकवायच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंतची लांबी महत्त्वाची. ती मनगटाबाहेर गेली की घड्याळ हातावर फळीसारखं बसतं. आणखी एक: तीस मिलिमीटरचा चौरस हा तीस मिलिमीटर व्यासाच्या वर्तुळापेक्षा सव्वापट जागा घेतो, तेव्हा आकड्यावर जाऊ नका.

यात बायकांचा एक फायदा आहे, तो मी फार बोभाटा न करता सांगते. १९३०-४० च्या दशकांतली पुरुषांची आयताकृती घड्याळं जेमतेम वीस-बावीस मिलिमीटर रुंद असतात. आजच्या पुरुषांना ती लहान वाटतात, म्हणून भाव पडतो. माझ्या मनगटावर ती मोजून केल्यासारखी बसतात.

५. काचेसाठी नशीब लागतं.

गिरगावात एका चाळीच्या जिन्याखाली माझे घड्याळवाले काका बसायचे. डोळ्याला भिंग, समोर पांढरा कागद, कागदावर चिमटे. मी पहिलं जुनं घड्याळ घेऊन गेले तेव्हा काचेला उभा तडा होता. काकांनी ते उलटसुलट करून बघितलं आणि म्हणाले, "बाई, गोल काच हवी तर पाच मिनिटं थांबा. याची हवी तर दिवाळीनंतर या."

त्याचं कारण त्यांनी दाखवलं तेव्हा पटलं. गोल काचेला एकच माप, व्यास. तयार मिळते, दाबून बसते. आयताकृती काचेला लांबी, रुंदी, कोपऱ्याची गोलाई, आणि केस, म्हणजे घड्याळाचं घर, मनगटाला धरून वाकलेली असेल तर काचेचा बाकही. चारही जमायला हवेत. नाही जमले तर थोडी मोठी ॲक्रिलिकची काच घ्यायची आणि बारीक कानशीने कडा घासत बसायचं. काका दोन ओढ मारत, काच केसवर टेकवून बघत, पुन्हा दोन ओढ. एक ओढ जास्त झाली की काच हलायला लागते आणि सगळं पुन्हा पहिल्यापासून. मी अख्खी दुपार त्या स्टुलावर बसून हे बघितलं आहे. काचेचे त्यांनी घेतले दीडशे रुपये, आणि चहा त्यांनीच पाजला.

६. पाऊस आला की काढून ठेवा.

गोल घड्याळाचं मागचं झाकण आटे पाडून फिरवून बसवता येतं, आतलं रबर चहूबाजूंनी सारखं दाबलं जातं. चौकोनी झाकणाला आटे पाडणार कसे? ते एकतर दाबून बसवलेलं, नाहीतर चार बारीक स्क्रूंवर. कोपऱ्यात दाब कमी-जास्त होतो आणि पाणी तिथूनच शिरतं. मी हे जाणूनसुद्धा एका जुलैत छत्री उघडेपर्यंतच्या भरवशावर दादरला उतरले. संध्याकाळी काचेच्या आतून धुकं. घरी आल्यावर कोणीतरी सांगितलं म्हणून घड्याळ तांदळाच्या डब्यात खुपसलं आणि दोन दिवस तसंच ठेवलं. काकांनी उघडून दाखवलं: स्टीलच्या भागांवर गंजाचे तांबूस ठिपके. "त्याच रात्री उघडलं असतं तर वाचलं असतं," एवढंच म्हणाले. ते तीन नुसती बघायच्या घड्याळांपैकी एक.

७. पितळ कोपऱ्यातच उघडं पडतं.

पितळ उघडं पडणं हा वाक्प्रचार मला शब्दशः कळला तो या छंदात. चौकोनी केसचे कोपरे बाहीला, टेबलाला, बसच्या दांड्याला घासत राहतात. मुलामा आधी तिथून जातो आणि खालचं पितळ दिसतं. म्हणून विकत घेताना मी घड्याळाचं तोंड नंतर बघते, आधी चार कोपरे. न्यू जर्सीचा भाचा दर दोन-तीन वर्षांनी येतो, त्याला मी जुनी अमेरिकन घड्याळं आणायला सांगते: हॅमिल्टन, एल्जिन, ग्रुएन. त्यांच्या पाठीवर बऱ्याचदा "गोल्ड फिल्ड" कोरलेलं असतं. हा नुसता मुलामा नव्हे, सोन्याचा पत्रा धातूवर दाबून चढवलेला असतो, जाड. आपल्याकडच्या एक ग्रॅमवाल्या दागिन्यांपेक्षा पुष्कळ जास्त टिकतो, पण कोपऱ्यात शेवटी तोही हरतोच.

यावर उपाय म्हणून बफ मारून आणू नका. एका दुकानात माझं एक घड्याळ मला न विचारता चकचकीत करून दिलं. चकाकी आली, पण कडा गेल्या. धारदार कडा गोलावल्या की आयताकृती घड्याळ साबणाच्या वापरलेल्या वडीसारखं दिसतं. कडा परत येत नाहीत.

८. मुंबई स्पेशल ओळखायला डोळ्यापेक्षा पट्टी बरी.

संग्रह करणाऱ्यांत "मुंबई स्पेशल" हा शब्द फार कौतुकाचा नाही. जुन्या स्विस मशीनवर नव्याने रंगवलेली डायल चढवायची, आकडे छापायचे, वर एखादं मोठं नाव घालायचं आणि "आजोबांचं आहे" म्हणून विकायचं. मीही एक घेतलंय, बेचाळीसशे रुपयांना. विकणारा गोड बोलत होता, डायल साईसारखी दिसत होती. घरी येऊन भिंग लावलं आणि पोटात गोळा आला.

मिनिटांची रेल्वे, म्हणजे डायलच्या कडेने जाणारी दुहेरी रेघ, वरच्या डाव्या कोपऱ्यात कडेपासून जितकी लांब होती त्याच्या निम्मी उजवीकडे. गोल डायलवर छपाई थोडी फिरली तर कळत नाही, कारण वर्तुळ कुठूनही सारखंच. इथे सरळ कडेशेजारी सरळ रेघ असते. दोन समांतर रेघा अर्ध्या मिलिमीटरने जरी बिघडल्या तरी आयुष्यभर समांतर रेघा काढलेल्या माणसाच्या दाताखाली खडा येतो. मग बाकीचंही दिसायला लागलं. अक्षरं जाड, शाई पसरलेली. तळाशी "स्विस मेड"मधलं शेवटचं अक्षर केसखाली गेलेलं. सहाच्या जागेची सेकंदांची चौकट तिरकी, आणि तिचा काटा मध्यावर नाही.

काकांनी मागचं झाकण उघडलं. आत छोटं गोल मशीन आणि ते हलू नये म्हणून चहूबाजूंनी बसवलेला पितळेचा भराव. यातही लबाडीच असते असं नाही. कित्येक चांगल्या कंपन्यांनी खर्च वाचवायला आयताकृती केसमध्ये गोल मशीन बसवलं आहे. पण ज्याचं मशीनही केसच्या आकाराचं, त्याची मजा निराळी. ग्रुएनने १९३५ साली कर्व्हेक्स काढलं, त्यात मनगटाच्या बाकाप्रमाणे मशीनच वाकवलेलं. आपल्या त्या बेचाळीसशेच्या घड्याळातलं मशीन मात्र उत्तम निघालं. सतरा ज्वेल, दिवसाला मिनिटभरही चुकत नाही. मी ते पुष्कळदा घालते. कोणी "कुठलं?" विचारलं तर "मुंबईचं" म्हणते.

९. सगळं विकत घ्यायचं नसतं.

जेजर-लकूल्त्रच्या रिव्हर्सोचा जन्म १९३१ चा आणि त्याचं कूळ आपल्या मातीशी जोडलेलं. इथे पोलो खेळणाऱ्या ब्रिटिश अधिकाऱ्यांच्या घड्याळांच्या काचा फुटायच्या, म्हणून तोंड फिरवून आत लपवता येईल असं घड्याळ हवं होतं. एका शोरूममध्ये मी ते हातात घेतलं. केस बाजूला सरकवली, ती रुळावरून गेल्यासारखी सरकली, अंगठ्याने उलटवली आणि परत दाबली. खट् आवाज झाला. समोर नुसती स्टीलची पाठ, त्यात माझा चेहरा. विक्रेत्या मुलीने किंमत सांगायच्या आधीच मी ते परत ठेवलं. तिला बरं वाटलं असावं.

टँकही असंच. लुई कार्तिएने १९१७ साली ते आखलं. पहिल्या महायुद्धातला रेनोचा रणगाडा वरून बघितला तर कडेचे दोन पट्टे आणि मध्ये माणसांची जागा, तोच आकार. १९१९ साली ते विक्रीला आलं. मला ते मनगटापेक्षा मरीन ड्राइव्हवर जास्त दिसतं. तिथल्या १९३०-४० मधल्या इमारतींच्या उभ्या पट्ट्या, गोलावलेले कोपरे, पायऱ्यापायऱ्यांनी चढणारी दर्शनी बाजू. शहरातली सिनेमागृहंही तशीच: रीगल १९३३ चं, इरॉस १९३८ चं. सारं एकाच पट्टीने आखलेलं वाटतं. २०१८ साली युनेस्कोने या इमारतींना जागतिक वारशात घेतलं तेव्हा मला उगाच आपल्या घड्याळांचा सत्कार झाल्यासारखं वाटलं.

१०. चावी द्या.

चित्रकार अँडी वॉरहॉल टँक बांधायचा पण त्याला चावी देत नसे. वेळ बघायला ते नव्हतंच, असं त्याचं म्हणणं सांगतात. मला हे पटत नाही. सकाळी दूध तापेपर्यंत मी त्या दिवशीच्या घड्याळाला चावी देते, अंगठा आणि तर्जनीने, अडेपर्यंत. अडलं की थांबायचं. जोर करणाऱ्यांना काका दुकानातून हाकलत.

११. मुलांना सांगायला जाऊ नका.

माझा मुलगा जी-शॉकचं डिजिटल घड्याळ वापरतो, तेही आयताकृतीच. १९८३ चं मूळ मॉडेल त्याच आकाराचं. त्याचं म्हणणं बरोबर आहे: आकडे एका रांगेत लिहायचे तर चौकट आयताकृतीच हवी, काटे असतील तरच गोल हवी. "म्हणजे तुझी घड्याळं दोन्हीकडून चुकीची, आई." मी काही बोलले नाही. तो गेल्यावर त्याचं घड्याळ मनगटावर लावून बघितलं. लांबी जास्त आहे.

१२. डबा ठेवून घ्या.

चाळ रिडेव्हलपमेंटला गेली तेव्हा काकांनी जिन्याखालचं दुकान आवरलं. शेवटच्या दिवशी त्यांनी मला बिस्किटांचा एक पत्र्याचा डबा दिला. आत कागदाच्या पुड्यांत चौकोनी काचा, प्रत्येक पुडीवर पेन्सिलीने मापं. काही पुड्यांवर काकांचं अक्षर, काहींवर त्यांच्या वडिलांचं. "गिऱ्हाईक येईल म्हणून ठेवल्या होत्या," ते म्हणाले. एका रविवारी जमिनीवर जुनी साडी पसरून मी मोजल्या: एकशे चौदा. माझी एकोणीस घड्याळं एकेक करून लावून बघितली. एका पुडीतली काच एका हॅमिल्टनला जवळजवळ बसली, एका कोपऱ्यात केसभर जास्त होती. कानस घेतली. दोन ओढ, टेकवून बघितलं. पुन्हा दोन ओढ.